मेडिक्लेमवाले काका

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी हात झुलवत शिरणाऱ्या घोळक्यात एक मेडिक्लेमवाले काका असतातच. ते एजंट नाहीत, कमिशनचा पैसाही घेत नाहीत. त्यामुळे त्यांना टाळायला निमित्तच सापडत नाही.

“फॅमिली फ्लोटर म्हणजे एकच पातेलं,” ते चालता चालता सुरू होतात. “१० लाखांत चौघं. वडिलांच्या बायपासनं तळ खरवडला, की उरलेलं वर्ष बाकीच्यांनी आजारी पडायचं नाही! म्हाताऱ्यांची पॉलिसी वेगळी हवी.” कुणी “आमची ऑफिसची आहे” म्हणालं, की काका थबकतात. “आणि रिटायर झाल्यावर?” समोरच्याचा वॉक तिथेच संपतो.

पेशंटला बघायला गेले, तर शहाळं ठेवता ठेवता पहिला प्रश्न, “रूमचं भाडं किती?” पॉलिसी ५ लाखांची, मर्यादा एक टक्का, म्हणजे रोजचे ५ हजार, खोली ८ हजारांची. “वरचे ३ हजार आम्ही भरू की,” जावई म्हणतो. “तेवढ्यावर सुटत नाही, जावईबापू. सर्जनची फी, ओटीचा खर्च, सगळ्याचे आठातले पाचच भाग मिळणार. औषधं तेवढी पूर्ण.” पेशंटचं बीपी वाढतं.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांतला फरक हा त्यांचा हुकमी एक्का. ५ लाखांच्या वरचं द्यायचं ठरलंय, आणि वर्षात ४-४ लाखांची दोन बिलं झाली: टॉप-अप दोन्ही बिलं वेगळी मोजून हात वर करतो, सुपर टॉप-अप बेरीज करून ३ लाख देतो. (हे मला पटलं, आणि मी घेतलाही. काकांना सांगितलं नाही. डिडक्टिबलवरचं पुढचं व्याख्यान कोण ऐकणार?)

२२ सप्टेंबर २०२५ला प्रीमियमवरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेव्हा त्यांनी पार्कात पेढे वाटले. निम्म्या घोळक्याला मधुमेह. काका म्हणाले, “खा हो, जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड आता जास्तीत जास्त तीनच वर्षं!”

त्यांच्या स्वतःच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. पण ऑपरेशन करत नाहीत. क्लेम केला की नो-क्लेम बोनस घटतो! परवा इंडिकेटर नीट दिसला नाही, आणि बोरिवली समजून विरार फास्टमध्ये चढले. बोरिवलीला कुणी उतरू देईना. काकू फोनवर ओरडत होत्या. काका भाईंदरपर्यंत दारातल्या दोघांना को-पे समजावत होते.