आडोशाचे अभ्यासक

पावसाळा सरला की पवनेच्या काठावर तंबू उगवतात, आणि मे संपता संपता काजवे बघायला भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. या दोन्ही हंगामांत प्रत्येक मित्रमंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक गृहस्थ जागे होतात. कोळसा कोणी आणायचा, गाड्या किती न्यायच्या, चिकनला मसाला घरीच लावायचा की तिथे, यावर बाकीचे हिरिरीने बोलत असतात तेव्हा हे गप्प. मग रात्री उशिरा ते चार फूट लांब, चार फूट रुंद आणि सव्वासहा फूट उंच अशा उभट तंबूचा फोटो टाकतात आणि खाली एवढंच लिहितात, ‘सकाळच्या सोयीसाठी. मत कळवा.’ मत कोणी कळवत नाही. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे तेवढे येतात, कोणीतरी टमरेलाचा फोटो चिकटवतो, आणि पुढची सहल होईपर्यंत गृहस्थांचं नावच टमरेल पडतं. माझं म्हणणं असं की या माणसाची चेष्टा होते ती चुकीच्या कारणासाठी. अख्ख्या सहलीत खऱ्या प्रश्नाला हात घालणारा तो एकटाच असतो. चेष्टा करायचीच, तर तो प्रश्न नेमका अर्धा सोडवून थांबतो याची करावी.

आधी त्याचा अभ्यास बघा. फ्लॅट घेताना बिल्डरने पुढे केलेल्या करारावर न वाचता सही ठोकणारा हा माणूस या तंबूच्या बाबतीत कापडाचा नंबर विचारतो. साधं १९० टी पॉलिएस्टर की २१० डी ऑक्सफर्ड? आतून चंदेरी लेप आहे का? हा शेवटचा प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. पातळ कापडाच्या तंबूत रात्री टॉर्च घेऊन माणूस शिरला की बाहेरच्यांना पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ फुकटात बघायला मिळतो, आणि आतल्या कलावंताला प्रयोग सुरू असल्याचा पत्ताही नसतो. म्हणून पार्सल आलं की गृहस्थ हॉलमध्ये सोफा सरकवून तंबू उभा करतात, मुलाला मोबाइलचा टॉर्च लावून आत पाठवतात, घरातले दिवे घालवतात आणि टीव्हीपाशी उभे राहून बघतात. ‘हात वर कर. आता खाली बस.’ आतून उत्तर येत नाही. ‘अहो, तो गेम खेळत बसलाय आत,’ स्वयंपाकघरातून खुलासा होतो. ‘आणि तो दिसतोय म्हणून नाही सांगत, आवाज येतोय.’ आवाजाचा मुद्दा गृहस्थांच्या यादीत नसतो. तो कुठल्याच कंपनीच्या यादीत नसतो.

मग सांगाड्याचा वाद. पोलादी पट्टीचा तंबू पिशवीतून काढला की आपोआप फाडकन उभा राहतो, वजनही साधारण दोन किलो. दांड्यांचा तंबू जड, उभा करायला वेळ खाणारा, पण वाऱ्याला टिकणारा. तळ असावा की नसावा? आंघोळीला असलेला बरा, पाय चिखलात जात नाहीत. दुसऱ्या कामाला असून चालतच नाही. म्हणून काढता-घालता येणारा तळ हवा. चेन आतूनही लागली पाहिजे आणि बाहेरूनही. आत एक खिसा असतो, तो कागदाच्या गुंडाळीच्या मापाने शिवलेला. त्यात पाण्याचा मग मावत नाही, तेव्हा पाण्याच्या बादलीची जागा वेगळी धरायची. आणि खुंट्या! विक्रेत्याच्या फोटोतला तंबू नेहमी मऊ हिरवळीवर उभा असतो. सह्याद्रीच्या माथ्यावर वीतभर मातीखाली काळा कातळ. खुंटी दोन बोटं आत जाते, वाकते आणि परत येते. तिथे दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात, नाहीतर गाडीच्या चाकाला. मग ती गाडी सगळ्यांचं आवरेपर्यंत हलवता येत नाही, आणि नेमकं दूध आणायला तिलाच जायचं असतं. या सगळ्याचा विचार ज्याने आधी केलेला असतो त्याला वेडा म्हणायचं, आणि काहीच विचार न करता निघतात ते ‘बिनधास्त’.

त्यांच्या बिनधास्तपणाची किंमत कोण मोजतं ते बघितलं की गृहस्थांची बाजू आपोआप भक्कम होते. मिश्र मंडळींच्या सहलीत संध्याकाळच्या चहानंतर बायका हळूहळू पाणी पिणं बंद करतात. कोणी सांगत नाही, कोणी विचारत नाही. शेकोटीभोवती गाणी रंगात येतात, बार्बेक्यूवरचं तिखट तिसऱ्यांदा फिरतं, पुरुष बाटल्यांवर बाटल्या रिचवतात आणि बायका ओठ ओले करण्यापुरता घोट घेऊन बाटलीचं झाकण लावतात. पहाटे उजाडायच्या आत दोघीतिघी एकमेकींना उठवून टॉर्च घेऊन निघतात, तेव्हा त्या सूर्योदय बघायला निघालेल्या नसतात. पुरुषांना ही गोष्ट दिसत नाही, कारण त्यांना कुठलंही झाड चालतं. आडोशाच्या अभ्यासकाला ती दिसलेली असते, किंवा खरं सांगायचं तर घरून त्याला ती दाखवून देण्यात आलेली असते. काही का असेना, त्याने पैसे मोजलेले असतात.

यावर आक्षेप येतात, आणि ते येतात चांगल्या खणखणीत आवाजात. पहिला : निसर्गात जायचं तर निसर्गासारखं राहावं, हे कापडी संडास कशाला? हे बोलणाऱ्याच्या पाठीशी फुगवायची गादी, ब्लूटूथचा स्पीकर आणि बर्फाची पेटी असते, त्यामुळे उत्तर द्यायची फारशी गरज पडत नाही. दुसरा आक्षेप जरा भारदस्त : मावळे काय तंबू घेऊन गड चढत होते? नव्हते, कारण गडावर सोय होती. रायगडावर वाड्याच्या परिसरात शौचकूप आजही दाखवतात, राजगडाच्या तटबंदीतही ते सापडतात. दगडात बांधलेले, नीट आडोशाचे. गड बांधणाऱ्यांनी ज्या गोष्टीचा विचार तोफांबरोबर केला, तिला नाजूकपणा म्हणायचा अधिकार शनिवारी संध्याकाळी गड चढून रविवारी दुपारी मिसळ खायला खाली उतरणाऱ्याला नाही. तिसरा आक्षेप व्यवहारी आहे आणि त्यात तथ्य आहे : पैसे भरून राहायच्या कॅम्पवर संडास असतातच. असतात. पण शंभर माणसांना चार असले की सकाळी सात वाजता तिथे जी रांग लागते, तिच्यात उभं राहिल्यावर शेजारच्या ग्रुपमधल्या टमरेलाच्या तंबूकडे भले भले आशेने बघतात. कालपर्यंत हसणारेही ‘दादा, मोकळा आहे का?’ असं अदबीने विचारायला येतात.

न्हाणीचं प्रकरण मात्र फार ताणू नये. काळ्या पिशवीत वीस लिटर पाणी भरून उन्हात ठेवायची, ती तापली की वर टांगून खाली उभं राहायचं, अशी योजना असते. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, आणि ते तंबूच्या छपराला पेलत नाही हे पहिल्याच आंघोळीला कळतं. शिवाय ऊन चढून पाणी तापेपर्यंत परत निघायची वेळ झालेली असते. दोन दिवस आंघोळ न करता माणूस जगतो. इथे गृहस्थांची बाजू मी घेणार नाही.

पण खरी उणीव याहून मोठी आहे, आणि ती तंबू उतरवताना दिसते. पोलादी पट्टीचा तंबू उभा राहायला दोन सेकंद लागतात, मिटायला सहा माणसं. एक जण वरची कड खाली दाबतो, दुसरा पीळ देतो, तिसरा मोबाइलवरचा व्हिडिओ मागे-पुढे करतो, आणि तीन वर्तुळं एकात एक बसणार एवढ्यात तंबू हातातून सुटून कोणाच्यातरी चष्म्यावर जातो. या झटापटीत सगळ्यांचे डोळे तंबूवर असतात. तो जिथे उभा होता त्या चार फूट बाय चार फूट जमिनीकडे कोणी बघत नाही. कापड किती जाड, उंची किती, चेन कुठून, या सगळ्याला गृहस्थांकडे उत्तर आहे. आतलं गेलं कुठे, याला नाही. आडोसा म्हणजे व्यवस्था, असा त्यांचा प्रामाणिक समज असतो.

नियम अवघड नाही. सहा ते आठ इंच खोल खड्डा, पाण्यापासून निदान दोनशे फूट लांब, आणि काम झालं की मातीने बुजवायचा. त्याहून खोल नको, कारण मैला कुजवणारे जीव मातीच्या वरच्याच थरात भरपूर असतात. आता हा नियम पवनेच्या काठी लावून बघा. धरणाचं पाणी ओसरत जातं तसा काठ उघडा पडतो, तंबू पाण्याच्या जवळात जवळ हवेत म्हणून त्या उघड्या पट्ट्यावरच लागतात, आणि पावसाळ्यात तो पट्टा पुन्हा पाण्याखाली जातो. म्हणजे आज पाण्यापासून लांब मोजून काढलेला खड्डाही ऑगस्टमध्ये धरणात. पवनेचं हे पाणी पिंपरी-चिंचवडला नळाने येतं, आणि काठावरच्या मंडळींत पिंपरी-चिंचवडकरांची संख्या कमी नसते. आसपासच्या गावांचा हिशोब तर आणखी वेगळा आहे. २००० साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, पुढे गुड मॉर्निंग पथकं पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या गावकऱ्यांना गाठू लागली, कोणाला गुलाबाचं फूल मिळालं, कोणाला दंड. इतकं करून गावांनी जे सोडलं ते करायला आता शहरातली माणसं पैसे मोजून येतात, फरक एवढाच की ती चंदेरी लेपाच्या कापडाआड बसतात.

‘मग काय, खड्डे खणत बसायचं?’ असं गृहस्थ दुखावून विचारतात. हो. जिथे माती आहे तिथे खणायचं. कातळावर आणि धरणाच्या पट्ट्यात घडीचं आसन आणि पिशवी न्यायची. पिशवीत टाकायची भुकटी ओलावा शोषून घट्ट गोळा करते, बाळाच्या डायपरमध्ये असते तीच. ती पिशवी बंद करून गाडीतून परत आणायची. किळस वाटते हे मान्य, पण डिकीत ती बंद असते आणि काठावर ती उघडी असते. वारीच्या वाटेवर लाखो माणसांसाठी फिरत्या शौचालयांची आणि मैला उचलण्याची व्यवस्था करावी लागते. तीस जणांच्या सहलीला एक पिशवी उचलणं जड जाऊ नये.

तेव्हा ज्यांच्या ग्रुपवर यंदा असा उभट तंबू येईल त्यांनी हसू नये, वर्गणीत आपला वाटा निमूट भरावा. आणि तंबू मागवणाऱ्या गृहस्थांनी त्याबरोबर एक दणकट खुरपं घ्यावं. ते आठवडी बाजारात मिळतं, कुठल्याही अभ्यासाशिवाय.