रात्रीच्या लाईटचा रसिक

दिंडोरी म्हटलं की कोणाला स्वामी समर्थांचा सेवामार्ग आठवतो, कोणाला द्राक्षं, कोणाला वणीच्या देवीला जाताना घेतलेला चहा. दिंडोरीत बसून सिअ‍ॅटल आठवणारा माणूस मात्र एकाच जातीचा. त्याचे नमुने फार नाहीत, पण तालुक्यातल्या प्रत्येक मोठ्या गावात एखादा निघतोच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, थोडी द्राक्षबाग, डोक्यावर टोपी फक्त सोसायटीच्या मीटिंगपुरती, आणि ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये पान्यांच्या शेजारी एक कॅसेट. ती वाजवायला घरात टेप उरलेला नाही, पण फेकवतही नाही. गावात त्याचं खरं नाव फक्त सातबाऱ्यावर. ‘एमटीव्ही कुठं राहतो रे?’ असं विचारलं की शाळकरी पोरगंसुद्धा मळ्याचा रस्ता दाखवतं.

आपल्या संगीताच्या आवडीचं श्रेय तो स्वतःच्या कानाला देतो. खरं श्रेय विजेच्या वेळापत्रकाचं आहे. नव्वदच्या दशकात शेतीची थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीची असायची. ती बारानंतर कधीतरी यायची आणि आली की मोटर चालू करायला कोणीतरी जागं लागायचं. घरात बारावीला बसलेलं, किंवा बारावीतच बसून राहिलेलं पोरगं असलं, की ही ड्युटी त्याची. पोरगं अभ्यासाला जागतंय म्हणून आई खूश, मोटरला जागतंय म्हणून वडील खूश. पोरगं टीव्हीपुढं.

स्टार टीव्हीनं १९९१ मध्ये एशियासॅट-१ या उपग्रहावरून आशियाभर जी चॅनलं सोडली त्यांत एक एमटीव्ही होतं. हाँगकाँगहून निघालेला हा माल आधी मुंबई-पुण्याला उतरला. मग यथावकाश केबलवाल्याच्या छत्रीत पडला आणि लिंबाच्या फांदीवरून, कौलांवरून, शेजाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याच्या संडासावरून ओढलेल्या वायरीतून तालुक्याला पोचला. हाँगकाँगचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं. दिंडोरीत रात्रीचा एक वाजला की तिकडं पहाटेचे साडेतीन. तिथं ज्यांना झोप लागत नाही अशांसाठी जे काही लावलं जायचं, ते आमच्याकडं मोटरवाल्यांच्या वाट्याला यायचं. एरवी गाव ‘सुपरहिट मुकाबला’ बघायचं, बाबा सहगलच्या ‘ठंडा ठंडा पानी’वर वराती नाचायच्या. रात्री एक माणूस, एक लुकलुकणारा पडदा आणि केस मोकळे सोडून गिटारवर सूड उगवणारी परदेशी पोरं.

आवाज मात्र करायचा नाही. पडवीत वडील, मधल्या खोलीत आजी. टीव्हीला रिमोट नव्हता, गोल बटण होतं, आणि ते एका खुणेच्या पुढं गेलं की आतून खाकरल्याचा आवाज यायचा. त्यामुळं जगातला सगळ्यात दणदणीत संगीतप्रकार या माणसानं पडद्याला कान लावून, कुजबुजीत ऐकला. मेटॅलिका त्याला अजूनही हळू आवाजातच खरी वाटते.

सिअ‍ॅटलकडच्या निर्वाणा या बँडचं ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ त्यानं असंच पाहिलं. शाळेचा हॉल, धूर, नाचणाऱ्या मुली, झाडू धरलेला शिपाई आणि हळूहळू हाताबाहेर गेलेलं स्नेहसंमेलन. दिंडोरीतल्या शाळेचं गॅदरिंगही साधारण याच क्रमानं जायचं, त्यामुळं व्हिडिओ पहिल्याच रात्री समजला. शब्द एकही समजला नाही. त्याची त्याला बरीच वर्षं लाज वाटायची. पुढं कळलं की अमेरिकेत ‘वीअर्ड अल’ यँकोविक नावाच्या गड्यानं १९९२ मध्ये या गाण्याचं विडंबनच काढलं आणि त्याचा विषयच असा, की गाणारा काय म्हणतोय ते कोणाला कळत नाही. त्या दिवसापासून इंग्रजीत नापास झाल्याचं दुःख त्याच्या मनातून गेलं.

त्याचा खरा देव्हारा म्हणजे निर्वाणाचा ‘अनप्लग्ड’ कार्यक्रम. १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो चित्रित झाला, ही तारीख त्याला पोराच्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ. स्टेजवर लिलीची फुलं, सगळीकडं मेणबत्त्या, मधोमध बँडचा गायक कर्ट कोबेन मळकट हिरवा स्वेटर घालून बसलेला. पाणी प्यायला उठलेल्या आजीनं पडद्याकडं बघून विचारलं होतं, ‘‘त्यांच्याकडंबी लाईट गेली का रे?’’ तोच स्वेटर २०१९ मध्ये लिलावात ३,३४,००० डॉलरला गेला, तोही न धुता. ही बातमी त्यानं घरात वाचून दाखवली तेव्हा आई गप्प बसली. त्यानं हौसेनं मिळवलेला तसलाच हिरवा स्वेटर तिनं भांडीवालीला घालून स्टीलचा डबा घेतला होता. डबा अजून वापरात आहे. कोबेनचा विषय निघाला की तो डब्याकडं बघतो.

५ एप्रिल १९९४ला कोबेन गेला. बातमी इकडं पोचली तेव्हा द्राक्षाची खरड छाटणी जोरात होती आणि हा कात्री टाकून बांधावर बसला. वडिलांनी विचारलं, ‘‘कोण गेलं?’’

‘‘अमेरिकेतला एक जण.’’

‘‘आपल्याला सुतक आहे का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग कात्री उचल.’’

त्याच वर्षी मे महिन्यात एमटीव्ही स्टारवरून गेलं आणि तिथं चॅनल व्ही आलं. केबलवाल्याकडं तक्रार घेऊन गेलेला तालुक्यातला हा बहुधा एकमेव ग्राहक. केबलवाला म्हणाला, ‘‘भो, गाणी लागतात ना? मग झालं तर.’’ नाशिककडचा माणूस ‘भो’ म्हणाला की विषय संपतो. पुढं २८ ऑक्टोबर १९९६ला एमटीव्ही इंडिया सुरू झालं, पण हळूहळू दोन्ही चॅनलं हिंदीकडं वळली. तेवढ्यात ठिबक आलं, ऑटो स्टार्टर आला, मोटर आपोआप चालू व्हायला लागली आणि जागायचं कारणच सरलं. एका पिढीचं संगीतशिक्षण या ऑटो स्टार्टरनं बंद पाडलं, असं माझं मत आहे. पण त्यावर कोणी लिहीत नाही.

त्याच्या ज्ञानाला बागेची मापं आहेत. ‘नोव्हेंबर रेन’ हे गन्स अँड रोझेसचं गाणं जवळजवळ नऊ मिनिटांचं. तेवढ्यात एक सरी भरून व्हायची. कॅसेट त्यानं टीव्हीपुढं टेपरेकॉर्डर धरून भरली. गाण्याच्या मध्यावर वडिलांचा खोकला आहे, शेवटच्या गिटारवर शेजारच्या मळ्यातला कुत्रा. आता मोबाइलवर तेच गाणं स्वच्छ ऐकू येतं तेव्हा तो मध्येच थबकतो आणि खोकल्याची वाट बघतो. वडील जाऊन काही वर्षं झाली. ‘ओरिजिनलमध्ये काहीतरी कमी आहे,’ एवढंच तो म्हणतो.

गाण्याच्या नावाचा अर्थ वडिलांना कळला तेव्हा ते भडकलेच होते. बाग फुलोऱ्यात असताना, डावणी रोग टपून बसलेला असताना, पोरगं रात्री बसून नोव्हेंबरच्या पावसाचं गाणं ऐकतं! असलं अभद्र घरात लावायचं नाही, असा त्यांनी दम भरला. तेव्हा पोरगं हसलं. मग २६ नोव्हेंबर २०२३ला गारपिटीनं निफाड-दिंडोरीच्या बागा झोडपून काढल्या. त्यानंतर नोव्हेंबरात तो हे गाणं लावत नाही. रॉकमधली बंडखोरी वगैरे सगळं ठीक, पण विमा काढलेला नव्हता.

या जातीचं एक लक्षण म्हणजे आपली माणसं शोधणं. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, त्याचा पहिला बँड तिथलाच, त्यामुळं क्वीन हा सातारा जिल्ह्यातला बँड ठरतो. ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक १९९३ मध्ये मुंबईत नव्हे, अलाहाबादेत निघालं, हे तो प्रत्येक मुंबईकराला ऐकवतो. मुंबईला रंगभवनात भरणाऱ्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवाला एकदा जायचंच असं त्यानं किती वर्षं ठरवलं. तो भरायचा नेमका पावसाळ्यात, म्हणजे टोमॅटोच्या हंगामात. रंगभवन शांतता क्षेत्रात आलं, कार्यक्रम बंद झाले, टोमॅटो चालू आहे.

मग २००८ पासून संगीतच गंगापूर धरणापाशी चालत आलं. सुला वायनरीच्या द्राक्षमळ्यात सुलाफेस्ट सुरू झाला. मुंबईची पोरं टोप्या घालून, मातीत पाय बुडवून नाचायला यायला लागली. आमच्या तालुक्याचं नाव छापलेली ‘दिंडोरी रिझर्व्ह’ शिराज ती पेल्यात फिरवून तिचा वास घ्यायची. एमटीव्हीनं तिकिटाची किंमत टोमॅटोच्या क्रेटांत मोजली, एक रात्र तळमळला आणि गेला. आयुष्यात पहिल्यांदा समोर खरा ड्रम वाजत होता. अर्ध्या तासात तो साउंडवाल्याजवळ जाऊन म्हणाला, ‘‘दादा, जरा बारीक करता का?’’ परत आल्यावर घरी सांगितलं ते एवढंच, की वेली नीट बांधलेल्या होत्या.

पोराशी त्याचं या बाबतीत जमत नाही. पोराच्या मोबाइलमध्ये सगळ्या जगाचं संगीत आहे आणि पोरगं प्रत्येक गाणं वीस सेकंद ऐकून पुढं ढकलतं. ‘आम्हाला पुढं ढकलता येत नव्हतं,’ असं हा अभिमानानं सांगतो. त्याला नकळत त्यात त्याची सगळी थोरवी आलेली आहे. जे लागेल ते बघावं लागायचं. नको असलेली पाच गाणी सोसली की एखादं हवं असलेलं लागायचं, आणि वर्षभरात त्या पाचांतलीही दोन आवडायला लागायची. याला तो रसिकता म्हणतो. मी नाइलाज म्हणतो. पण इतक्या नाइलाजानं इतका चांगला श्रोता तयार होतो हे कबूल करायला हवं.

मागच्या हंगामात त्याच्या बागेत सुरगाण्याकडचे मजूर आले होते. त्यांतल्या एका पोराच्या अंगात निर्वाणाचा टी-शर्ट, तोच पिवळा, डोळ्यांच्या जागी फुल्या असलेला चेहरा. एमटीव्ही ब्लोअर बंद करून धावला. ‘‘कोणतं गाणं आवडतं रे तुला?’’ पोरगं घाबरलं. ‘‘गाणं कसलं? बाजारात घेतला, शेठ.’’ दुपारच्या सुट्टीत यानं त्याच्या कानात इअरफोन घातले आणि अनप्लग्ड ऐकवलं. पोरानं पूर्ण ऐकलं, पुढं ढकललं नाही. मग म्हणालं, ‘‘बरं आहे. पण पावरी नाही यात.’’ आणि स्वतःच्या मोबाइलवर त्यानं डोंगऱ्यादेवाच्या उत्सवातली पावरी लावली. लांबलचक वाद्य, एकच श्वास तासभर चाललाय असं वाटावं असा आवाज, आणि त्यावर रात्रभर फेर धरून नाचणारी माणसं. एमटीव्ही पन्नाशीला आला तरी त्यानं ती कधी ऐकली नव्हती. सुरगाणा तर दिंडोरीला लागूनच आहे. ज्याला सिअ‍ॅटलच्या बँडांचे ड्रमर कोणत्या वर्षी बदलले हे पाठ, त्याला शेजारच्या तालुक्यात मार्गशीर्षात रात्रभर काय वाजतं ते ठाऊक नव्हतं. केबलवर ते कधी लागलंच नाही.

यानं दोन वेळा ऐकलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, ‘‘सायकेडेलिक आहे. पण रेकॉर्डिंग फार मोठ्या आवाजात केलंय.’’ येत्या मार्गशीर्षात त्या मजूर पोराबरोबर जायचं ठरलंय. बायकोनं विचारलं, रात्रभर जागवेल का? त्या प्रश्नाचा त्याला राग आला.

तुम्हाला या माणसाला भेटायचं असेल तर खरड छाटणी उरकल्यावर, मे महिन्यात जा. ‘निर्वाणा कोण?’ असं विचारायची चूक करू नका, आणि ‘मला सगळं माहीत आहे’ असंही म्हणू नका. थोडंफार ऐकलंय म्हणा, म्हणजे चहाबरोबर बेदाणे मिळतील. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर तो फक्त डावणीवर बोलेल.