देवळाली ते देवळाली, आकाशमार्गे

आपल्या बाजूला देवळाल्या दोन. एक नाशिकजवळची. तिथं लष्कराची छावणी, तोफखान्याची शाळा आणि मुंबई-मनमाड लोहमार्गावर स्वतःच्या नावाचं स्टेशन. दुसरी आमची, तालुका राहुरी. आम्हाला नगरपरिषद आहे, चहूबाजूंनी ऊस आहे, पण गाडी पकडायला राहुरी गाठावी लागते. त्यामुळे आमच्याकडच्या लग्नाला निघालेला एखादा पाहुणा हमखास तिकडच्या स्टेशनावर उतरतो आणि फोन करतो, "फटाक्यांचा आवाज येतोय, जवळच आलो वाटतं!" तो सरावाच्या तोफांचा आवाज असतो.

यंदा लग्न तिकडच्या देवळालीत होतं. कसं जायचं यावर ओसरीत बैठक बसली. भाच्यानं मोबाइल काढला. "तात्या, हवाई अंतर साधारण ९५ किलोमीटर. विमानानं सात मिनिटं."

तात्या सावरून बसले. "सातच? मग हळदीला जाऊन दुपारी उसाला पाणी द्यायला परत येतो की!"

हिशेब सरळ होता. दोन गावांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या गोलावर रेघ ओढायची आणि ताशी ८०० किलोमीटरनं भागायचं. विमान चढणार कुठून आणि उतरणार कुठं, हे त्या रेघेला कुणी विचारत नाही. आत्यानं विचारलं. "अन् ते थांबणार कुठं? आपल्या खोडव्यात?"

भाचा हरला नाही. कोपरगाव तालुक्यातल्या काकडीला शिर्डीचा विमानतळ २०१७ साली सुरू झालाय, नाशिकचा ओझरला आहे. दोन्हींच्या मधे सरळ रेषेत ७० किलोमीटरही नाहीत. अडचण एवढीच, की काकडीहून ओझरला विमान जात नाही. काकडीहून हैदराबादला जातं, हैदराबादहून ओझरला येतं.

"म्हंजी हळदीला हैदराबादवरनं जायचं?" तात्या म्हणाले.

"हजारावर किलोमीटर होतील, पण दोन्हीकडं खिडकीची जागा मिळेल."

त्याआधी राहुरी फॅक्टरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी असं करत काकडी गाठायची. नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे लागला, की सात मिनिटं एका खड्ड्याच्या वाटाघाटीतच जातात. शिवाय विमानतळावर तास-दीड तास आधी हजेरी. आणि ओझरला उतरलं तरी देवळाली कॅम्प नाशिकच्या पार पलीकडे.

तोवर आत्यानं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून पिशवी दारात ठेवली होती. "सात मिनिटं असू द्या नाय तर सात तास, उपाशी कुणी जायचं नाय."

शेवटी चुलत्यांची जीप निघाली. लोणी, संगमनेर, सिन्नर. लोणीला चहा, संगमनेरला ओळखीचे निघाले म्हणून पुन्हा चहा. सिन्नरला दशम्या संपल्या. आम्ही मांडवात शिरलो तेव्हा नवरीला हळद लागून वाळलीही होती.

वधूपित्यानं हात जोडले. "लई उशीर केला तात्या! विमानानं यायचं ना."

"विमानानं आलो असतो," तात्या फेटा सारखा करत म्हणाले, "तर आत्ता हैदराबादेत बिर्याणी खात बसलो असतो."