कडेला कोण उभं राहणार?

वेरूळ मंगळवारी बंद असतं, म्हणून आम्ही बुधवारी गेलो. या सहलीत वादाशिवाय ठरलेली गोष्ट एवढीच. माझ्या पिशवीत फुजीच्या मिररलेस कॅमेऱ्यासाठी भाड्याने आणलेल्या दोन लेन्स होत्या आणि डोक्यात कित्येक महिन्यांचा घोळ: चौदा मिलिमीटरची घ्यावी की सोळाची? साधा डोसा की मसाला, एवढ्यावर मी वेटरला परत पाठवतो. हा तर पैशांचा प्रश्न. चौदाची एफ २.८, वजन २३५ ग्रॅम. सोळाची ३७५ ग्रॅम, पण एफ १.४, म्हणजे चौपट उजेड. वर पावसाच्या शिंतोड्यांना भीक न घालणारी. चौदाचीला सुमारे ९० अंशांतलं दिसतं, सोळाचीला ८३.

"दोन मिलिमीटर म्हणजे किती?" बायकोने विचारलं. मी चिमटीत दाखवलं.

"भातातला खडा," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी वेरूळ?"

वेरूळच, कारण कैलास. सोळाव्या लेण्याच्या अंगणात मागे सरकावं तर पाठ कड्याला लागते; वाइड अँगलची परीक्षा घ्यावी तर इथेच. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, हे अख्खं देऊळ वरून खाली कोरत आणलं. एकदा उडालेला दगड पुन्हा चिकटवता येत नाही. त्या कारागिरांत मी असतो तर डोंगर अजून शाबूत असता.

दगडी हत्तीसमोर चौदाची लावतोय तोच हाक आली, "ओ फोटोवाले! कितीला काढता?"

"फुकट," असं माझ्या तोंडून गेलं आणि खांबाखांबाआडून परभणीचं एक कुटुंब बाहेर पडू लागलं. जावई मधोमध, त्यांच्या दोन्ही बाजूंना मानाप्रमाणे माणसं, पुढे पोरं. माझी पाठ कड्याला. सगळे मावले! मी खुशीत फोटो दाखवला.

कडेच्या मावशींनी तो बराच वेळ न्याहाळला. "हा दंड माझा आहे?"

मी समजावलं, की देवळाच्या रेषा सरळ ठेवायच्या तर कडेचं सगळं ताणलं जातं; या लेन्सच्या अगदी टोकाला डोकं जवळजवळ तीस टक्के रुंद येतं.

"म्हणजे मी एवढी जाड नाही?"

"नाही हो."

"मग काढता कशाला?"

मावशी आत सरकल्या. त्यांच्या जागी आलेल्या काकांना आपलं कपाळ आवडलं नाही. तेही सरकले. मग बातमी फुटली आणि कडेला कुणी उभंच राहीना. सगळं खानदान जावयांना येऊन चिकटलं. जावई घुसमटले, पण मान सोडवेना. मी सोळाची चढवली. आता टोकाला पंचवीस टक्क्यांच्या आत, म्हणून लिलाव पुकारल्यासारखा ओरडलो. ऊन तापलेलं, बायको सावलीत शेंगा खात बसलेली, आणि मला कुणाकुणाची हनुवटी बघावी लागत होती. फुकटची कामं अशीच अंगावर येतात.

एवढ्यात नऊवारीतल्या आजींनी कॅमेरा मागितला. स्क्रीन डोळ्यांशी नेली. स्वतःला शोधलंच नाही. पोर कडेवर घेऊन अगदी टोकाला उभ्या असलेल्या सुनेवर बोट ठेवलं.

"हिला मधी घ्या. ही कायम कडंलाच ऱ्हाती."

कुणी काही बोललं नाही. जावई आपण होऊन बाजूला झाले. आजी टोकाला जाऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मला काय ताणायचं ते ताणा."

तो फोटो सोळाचीने आला, झकास आला. हत्ती, ध्वजस्तंभ, मागचं देऊळ, सगळं एकात. रात्री जावयांच्या मोबाइलवर पाठवला. सकाळी उत्तर आलं: "मस्त! फक्त मागचे दगड कापून टाकले. आता माणसं मोठी दिसतात."

म्हणजे पस्तीसची पुरली असती. किंवा तेवीसची. बायको शेंगा संपवून विचारतेय, मी अजून ठरवतोय.