गादी रिकामी आहे

स्वतंत्र राष्ट्र काढायला फार भांडवल लागत नाही. एक झेंडा, एक राजमुद्रा, चार खात्यांचे मंत्री (बहुधा मावसभाऊ) आणि घरच्यांची सहनशक्ती, एवढ्यात भागतं. 1933 च्या मॉन्टेव्हिडिओ करारात राष्ट्राची लक्षणं दिली आहेत: कायमची वस्ती, भूमी, सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची कुवत. पहिली तीन दोन खोल्यांच्या घरातही जमवता येतात. चौथ्यासाठी पत्रं पाठवायची आणि उत्तराची वाट बघत बसायचं.

पण कालपरवा जन्मलेल्या राष्ट्राला भाव कोण देणार? म्हणून या हौशी राष्ट्रांचे, मायक्रोनेशनांचे, संस्थापक एखादं बुडालेलं राज्य शोधून ‘आम्हीच त्याचे वारस’ अशी पाटी लावतात. त्यासाठी जर्मनीसारखा मुलूख नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे तीनशेच्या आसपास लहानमोठी राज्यं नांदत होती आणि 1918 च्या नोव्हेंबरात उरलेसुरले सगळे राजे, ड्यूक, प्रिन्स गादीवरून उतरले. इतक्या रिकाम्या गाद्या एका ठिकाणी मिळणं कठीण.

माझा सल्ला कुणी विचारलेला नाही, पण विचारलाच तर मी लाउएनबुर्ग सुचवीन. हॅम्बुर्गच्या पूर्वेला, एल्बे नदीपासून रात्सेबुर्गच्या तळ्यांपर्यंत पसरलेली ही डची, म्हणजे ड्यूकचं राज्य. पूर्ण नाव साक्सेन-लाउएनबुर्ग. इथले ड्यूक खरे सॅक्सनीच्या ड्यूकांचे वंशज, पण सम्राट निवडण्याच्या मतावरून विटेनबर्गच्या भावकीशी त्यांचं वाजलं आणि सम्राटाच्या 1356 च्या सुवर्णपत्रानं ते मत विटेनबर्गला देऊन टाकलं. भावकीत हरलेला माणूस जसा पुढच्या पिढ्यांना कागद दाखवत राहतो, तसं हे घराणं राहिलं.

1689 मध्ये शेवटचा ड्यूक यूलियुस फ्रान्झ वारला. मुलगा नव्हता, दोन मुली होत्या. मोठीचा हक्क होता म्हणे. पण शेजारच्या सेलेच्या ड्यूकनं सांत्वनाला फौजच पाठवली आणि तिनं तिथेच मुक्काम ठोकला. दावेदार पुष्कळ होते. त्यांतल्या सॅक्सनीच्या ऑगस्टसला पोलंडचं सिंहासन मिळवायला रोख रक्कम हवी होती. त्यानं 1697 मध्ये आपला हक्क विकून टाकला. सम्राटाची रीतसर मान्यता यायला 1728 उजाडलं. तोवर सेलेचा वारसा हॅनोवरकडे आणि हॅनोवरचा ड्यूक इंग्लंडच्या गादीवर गेला होता, म्हणजे लाउएनबुर्गचा मालक लंडनमध्ये बसत होता. नेपोलियनच्या धुमाळीनंतर झालेल्या वाटण्यांत ही डची हॅनोवरनं प्रशियाला दिली, प्रशियानं डेन्मार्कला. 1864 च्या युद्धात डेन्मार्कनं ती प्रशिया आणि ऑस्ट्रियाला गमावली. पुढच्याच वर्षी गास्टाइनच्या करारात ऑस्ट्रियानं आपला वाटा 25 लाख डॅनिश थालरना प्रशियाला विकला. चक्क विकला. 1876 मध्ये प्रशियात विलीन होऊन ती एकदाची संपली.

म्हणजे फौज घुसवून, हक्क विकून, अदलाबदल करून, रोखीनं, अशा सगळ्या मार्गांनी ही गादी हातोहात फिरली. यानंतर कुणी तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून तिच्यावर दावा सांगितला, तर त्याला हसायचं कुठल्या तोंडानं? त्यानं निदान कुणाची मुलगी तरी घराबाहेर काढलेली नाही.

पदवीचं कौतुक मात्र सगळ्यांनाच असतं असं नाही. 1890 मध्ये तरुण कैसरनं चान्सलर बिस्मार्कला घरी बसवलं आणि जाताना ‘ड्यूक ऑफ लाउएनबुर्ग’ ही पदवी हातात ठेवली. म्हातारा म्हणे पुटपुटला की ओळख लपवून प्रवास करायचा असेल तेव्हा हे नाव बरं पडेल.

पदव्यांची गोष्ट पुढेही गमतीची आहे. 1919 च्या वायमार घटनेनं सरदारकीचे विशेषाधिकार काढून घेतले, पण पदव्या आडनावाचा भाग म्हणून राहू दिल्या. आडनाव म्हटल्यावर ते दत्तकालाही मिळणार! आपल्याकडे डलहौसीनं दत्तक नामंजूर करून 1848 मध्ये सातारा आणि 1854 मध्ये नागपूर गिळलं. जर्मनीत राज्यं बुडाली आणि दत्तकविधानं तेवढी जोरात चालू राहिली. आन्हाल्ट या जुन्या डचीच्या घराण्यात जन्मलेल्या आणि कैसरच्या घरी सून म्हणून गेलेल्या एका वृद्ध राजकन्येनं 1980 मध्ये एका प्रौढ गृहस्थाला दत्तक घेतलं. पुढे तो हॉलिवूडच्या झा झा गाबोरचा नववा नवरा झाला. आन्हाल्ट नाव त्याच्याबरोबर थेट कॅलिफोर्नियात पोचलं.

हौशी राष्ट्रांतही भावकी असतेच. इंग्लंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रातल्या एका जुन्या लष्करी बुरुजावर 1967 पासून सीलँड नावाचं राष्ट्र आहे. 1978 मध्ये एका जर्मन व्यावसायिकाच्या माणसांनी ते बळकावलं, मूळ राजानं परत मिळवलं आणि हरलेल्यांनी जर्मनीत जाऊन निर्वासित सरकार काढलं. बुरुजभर देशाला निर्वासित सरकार! कैद केलेल्या एका जर्मन वकिलाला सोडवायला जर्मनीनं मुत्सद्दी पाठवला, तेव्हा राजानं ती भेट म्हणजेच आपल्या राष्ट्राची मान्यता मानली. मला हा माणूस आवडतो.

विटेनबर्गजवळ 2012 मध्ये स्थापन झालेलं ‘जर्मनीचं राज्य’ मात्र मला आवडत नाही. स्वतःचं चलन, स्वतःची बँक, स्वतःची ओळखपत्रं, आणि खऱ्या देशाचे कायदे आम्हाला लागू नाहीत हा हट्ट. 2025 मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. झेंडा कितीही उंच फडकवा, कर वेळेवर भरा.

लाउएनबुर्गमध्ये नव्या राज्याला नावही शोधावं लागणार नाही. कारण गंमत अशी, की ड्यूक जाऊन जमाना झाला तरी जिल्ह्याचं सरकारी नाव आजही ‘डची ऑफ लाउएनबुर्ग’च आहे. नव्या ड्यूकला पाट्या बदलण्याचा खर्च नाही.

राजधानी मात्र जिल्ह्याचं ठिकाण असलेलं रात्सेबुर्ग नको, म्योल्न हवं. जर्मनीचा लाडका विदूषक टिल ऑयलनश्पीगल 1350 मध्ये तिथेच वारला अशी कथा आहे. पुरताना दोर तुटला, पेटी खड्ड्यात उभीच्या उभी उतरली आणि लोकांनी ती तशीच राहू दिली. बाजारात त्याचा पुतळा आहे. त्याच्या हाताचा अंगठा आणि पायाचं बोट एकदम चोळलं की नशीब उघडतं, अशी समजूत असल्यानं दोन्ही घासून लखलखीत झालेत. राज्याभिषेकाचा विधी म्हणून एवढं पुरे, आणि त्याला दक्षिणाही लागत नाही.