फक्तकाका

आमच्या सोसायटीत त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. जिल्हा कोषागारात उभी हयात देयकं तपासून काका निवृत्त झाले, पण आकड्यापुढे 'फक्त' लिहिल्याशिवाय त्यांचा हात अजून थांबत नाही. वाण्याच्या यादीतसुद्धा 'शेंगदाणे अर्धा किलो फक्त'.

परवा गणपतीच्या वर्गणीची माझी पावती घेऊन त्यांनी लाल शाईने तिच्यावर आडवं लिहिलं : 'रुपये पाचशे एकच्या आत'.

"काका, हे काय?"

"पाचशेच्या पुढ्यात एक काठी उभी केली की पंधराशे होतात. ती उभी राहू नये म्हणून ही आडवी. कोषागारात देयकावर असंच लिहायचे."

मंडळाने त्यांना खजिनदारकी देऊ केली, तर ते उखडलेच. "पैसे घेणारा मी, लिहिणारा मी, मोजणाराही मी? मग चोरी करायला बाहेरून माणूस कशाला आणायचा?" शेवटी पैसे एकाने घ्यायचे, दुसऱ्याने लिहायचे असं ठरलं. तपासायला अर्थातच काका. रद्द झालेली पावती फाडायची नाही, स्थळप्रतीला टाचून ठेवायची. मांडवाच्या बांबूंचं बिल आलं की हे बांबू मोजायला हजर. (एका वर्षी खरंच सात कमी निघाले. तेव्हापासून मांडववाला काकांना वाकून नमस्कार करतो.)

चारा घोटाळ्याची गोष्ट ते सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगतात. तेव्हाच्या बिहारात चाईबासाला 1996 साली तो बाहेर आला. पशुसंवर्धन खात्याने तरतुदीपेक्षा जास्त पैसे उचलले, तरी कोषागारातून देयकं पास होत राहिली. पुढे तपासात जनावरं वाहणाऱ्या गाड्यांचे म्हणून दाखवलेले काही नंबर चक्क स्कूटरचे निघाले. इथे काका थांबतात, चष्मा पुसतात. "म्हैस एका बाजूला पाय सोडून बसली असेल का रे?" हसून झालं की आवाज खाली येतो. "तरतुदीची नोंदवही एकाने तरी उघडायची होती. आता आपल्याकडे महाराष्ट्रात तरतुदींचा हिशेब ठेवणारी बीम्स प्रणाली आहे, पैसे शिल्लक नसले तर संगणकच अडवतो. तेव्हा माणसाने अडवायचं होतं."

कारकुनांबद्दलही त्यांचा एक ठाम सिद्धांत आहे : जो कधीच रजा घेत नाही, त्याच्यावर नजर ठेवावी; त्याच्या खुर्चीत दुसरा बसला की पोतडी उघडते.

"तुम्ही किती रजा घेतल्या, काका?"

"मी? निवृत्त होताना पूर्ण 300 दिवसांच्या अर्जित रजेचे पैसे घेतले!" असं अभिमानाने म्हणाले, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

घरीही कोषागारच. कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली काकूंकडे, एक काकांकडे. काकू माहेरी गेल्या की काकांना इस्त्रीचा शर्ट मिळत नाही. साखर वाढल्यापासून बेसनाच्या लाडवांचीही साठा नोंदवही आहे, आणि ती लिहायचं काम काकांनी हौसेने आपल्याकडे घेतलं. रविवारी मी बसलो असताना काकूंनी अचानक डबा उघडला. वहीत लाडू अकरा, डब्यात सात.

"ताळमेळ चालू आहे," काका म्हणाले.

काकूंनी वही उजेडात धरली. "आठ दिवसांच्या नोंदी, आणि सगळ्या एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या. खोटं हजेरीपत्रक असंच ओळखायचं असतं ना हो?"

काकांनी लाल पेन हळूच खिशात सरकवलं.