मिडी गप्प बसल्यास करावयाची कार्यवाही

सदर मार्गदर्शिका भाऊबीज ते होळी या कालावधीत चंद्रपूर, गडचिरोली व लगतच्या झाडीपट्टीत रात्री दहानंतर लागू राहील. उर्वरित वर्षात वादक शेतावर असल्याने मिडी बिघडत नाही, असे गृहीत धरण्यात आले आहे.

व्याप्ती: वडसा, आरमोरी, कुरखेडा, ब्रह्मपुरी, नवरगाव, मूल. थोडक्यात, जिथे धान घरात आले आहे, शंकरपट भरला आहे, लेकी-जावई मुक्कामी आहेत आणि रात्री नाटक आहे, अशी सर्व गावे. ज्या मंडळींकडे ऑर्गन, तबला आणि ते वाजवणारी माणसे एवढेच साहित्य आहे, त्यांनी पुढे वाचू नये. त्यांना अडचण नाही. अडचण आम्हाला आहे, कारण आम्ही कीबोर्डशेजारी लॅपटॉप मांडला आणि दोघांनी एकमेकांशी बोलावं अशी अपेक्षा धरली.

व्याख्या. मिडी म्हणजे आवाज नव्हे. हे वाक्य वहीत उतरवून घ्यावे, कारण निम्मे बिघाड ते न समजल्यामुळे होतात. मिडीच्या केबलमधून कुठली पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढाच निरोप जातो. जोर ० ते १२७ मध्ये मोजतात, वाहिन्या सोळा, वेग सेकंदाला ३१,२५० बिट. जुन्या गोल प्लगला पिना पाच असतात, त्यांतल्या तीनच कामाच्या. झाडीपट्टीतल्या माणसाला हे एका शब्दात सांगता येईल: मिडी हा प्रॉम्प्टर आहे. तो विंगेतून वाक्य पुरवतो, बोलायचं काम नटाचं. इथे नट म्हणजे साउंड कार्ड किंवा संगणकातलं वाद्य. नट झोपला असेल तर प्रॉम्प्टरच्या घशाला कितीही कोरड पडली तरी प्रेक्षकांना काही ऐकू येत नाही.

१९८३ च्या जानेवारीत अमेरिकेत वाद्यव्यापाऱ्यांच्या एका मेळाव्यात दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड केबलने जोडून दाखवले. एकावर बोट ठेवलं की दुसरा वाजत होता. या कामासाठी डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ साली ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. त्या मेळाव्यात कोणी ‘वन्स मोअर’ म्हणालं नसावं, असा माझा अंदाज आहे. तो मुद्दा पुढे येईल.

कलम १. आवाजच येत नसल्यास.

प्रथम प्रॉम्प्टर बोलतो आहे का ते पाहावे. कीबोर्ड आणि लॅपटॉप यांना जोडणाऱ्या इंटरफेसवर बारीक दिवा असतो. पट्टी दाबल्यावर तो लुकलुकला, तर निरोप पोचतो आहे आणि दोष पुढे आहे: सॉफ्टवेअरमध्ये इनपुट निवडलेले नाही, ट्रॅक चालू केलेला नाही, किंवा आवाज भलत्याच स्पीकरला गेला आहे. दिवा लुकलुकला नाही, तर बहुधा केबल उलटी आहे.

केबल उलटी असण्यात तुमचा दोष नाही. नियम सोपा आहे: कीबोर्डच्या ‘आउट’मधून निघायचं आणि समोरच्याच्या ‘इन’मध्ये शिरायचं. पण बाजारात मिळणाऱ्या स्वस्त यूएसबी केबलींच्या दोन शेपट्यांवर जे ‘इन’ आणि ‘आउट’ छापलेलं असतं, त्याचा अर्थ छापणाऱ्यालाच ठाऊक. काहींवर ‘इन’ म्हणजे ‘ही शेपटी इनमध्ये खोच’, काहींवर ‘इन’ म्हणजे ‘इथून संगणकात आत येतं’. त्यामुळे वाचत बसू नये. अदलाबदल करून पाहावी.

इथे आमच्या ऑर्गन मास्तरांचा उल्लेख अपरिहार्य आहे. मास्तर रंगमंचासमोर माझ्या डाव्या हाताला बसतात. त्यांनी मिडी हा शब्द आजवर उच्चारलेला नाही. माझ्या सगळ्या यंत्रणेला ते ‘डब्बा’ म्हणतात. डब्बा गप्प बसला की ते मान न वळवता सल्ला देतात, “उलटी करून लाव गा.” आवाज येत नाही: उलटी लाव. लॅपटॉप अपडेट मागतोय: उलटी लाव. स्पीकरमधून शेजारच्या गावचं कीर्तन येतंय: उलटी लाव. संतापजनक गोष्ट अशी, की कलम १ पुरता हा सल्ला निम्म्या वेळा बरोबर ठरतो.

कलम २. जुने साउंड कार्ड असल्यास.

ज्यांच्याकडे अजून तो टेबलाखालचा जड सीपीयू आहे, त्यांनी मागे वाकून पाहावे. पंधरा पिनांचे एक पोर्ट दिसेल. ते जॉयस्टिकचे आहे आणि मिडीचेही. त्याला वेगळी केबल लागते आणि मिडीचा पत्ता बहुधा ३३० असतो. विंडोज व्हिस्टापासून त्या पोर्टला कोणी विचारत नाही, म्हणून हा संगणक एक्सपीवरच ठेवावा आणि त्याला इंटरनेट दाखवू नये. त्याच्याही आधीच्या काळात जुनी कार्डे संगणकाला हाक मारायला आयआरक्यू ७ ही वाट मागत आणि प्रिंटरही तीच मागे. ज्या खोलीत दिवसा लग्नपत्रिका छापायच्या आणि रात्री गाणी ध्वनिमुद्रित करायची, तिथे याचे काय होत असेल ते वाचकांनी कल्पावे.

कलम ३. भलतेच वाद्य वाजल्यास.

हे कलम मन लावून वाचावे, कारण यात माणूस मरतो.

१९९१ साली जनरल मिडी नावाचा करार झाला. १२८ वाद्यांना कायमचे क्रमांक देण्यात आले. १०५ वर सतार आहे, ११२ वर शहनाई. तबला नाही. त्याऐवजी १२६ वर हेलिकॉप्टर, १२७ वर टाळ्यांचा कडकडाट आणि १२८ वर बंदुकीचा बार आहे. जगातल्या संगीतात हेलिकॉप्टरची गरज तबल्यापेक्षा जास्त आहे, असं ज्या समितीने ठरवलं तिला एकदा आमच्या मंडईच्या जत्रेत आणायला हवं.

खरी मेख पुढे आहे. काही यंत्रे हे क्रमांक १ पासून १२८ पर्यंत मोजतात, काही ० पासून १२७ पर्यंत. म्हणजे घरी शून्यापासून मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर तुम्ही १२७ लिहून बंदूक बसवलीत आणि प्रयोगात एकपासून मोजणाऱ्या कीबोर्डवर तोच आकडा टाकलात, तर खलनायक पिस्तूल रोखतो, नायकाचा बाप छाती धरून कोसळतो आणि स्पीकरमधून टाळ्या पडतात. प्रेक्षकही सामील होतात. बाप मेला की नाही, यावर पुढचा अंक अवलंबून असतो. म्हणून प्रत्येक क्रमांकापुढे वाद्याचे नावही लिहून ठेवावे आणि नाटक सुरू होण्यापूर्वी एकेक वाजवून पाहावे. बार मात्र हळू वाजवावा. गावात आधीच शंकरपटाचे बैल आलेले असतात.

पोटकलम: दहावी वाहिनी तालवाद्यांसाठी राखीव आहे. तिथे चुकून शहनाई लावल्यास मधला सा दाबताच बोंगो वाजेल. करुण प्रसंगी बोंगो टाळावा.

पायपेटीचा, म्हणजे मास्तरांच्या ऑर्गनचा, आवाज या यादीत २१ व्या क्रमांकावर आहे. मी तो मास्तरांना ऐकवला. त्यांनी पूर्ण ऐकला, पानाची चंची उघडली, सुपारी कातरली आणि ती मला न देता बंद केली.

कलम ४. पट्टी आता दाबली, आवाज मागाहून आला.

याला लेटन्सी म्हणतात. संगणक आवाजाचे तुकडे साठवून मग सोडतो. सेकंदाला ४४,१०० तुकडे या हिशेबाने बफर १०२४ ठेवला तर सुमारे २३ मिलिसेकंद उशीर होतो. हवेत आवाज मीटरभर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे तुमचे वाद्य तुमच्यापासून आठ मीटर लांब ठेवल्यासारखे झाले. बफर २५६ वर आणल्यास ते दोन मीटरवर येते आणि हात सुखावतो. आणखी खाली गेल्यास आवाज फाटू लागतो. फाटला की एक पायरी वर यावे. विंडोजबरोबर फुकट आलेला सिंथ नाटकात वापरू नये, त्याला मुळातच घाई नाही. उशीर कमी करणारा एएसआयओ ड्रायव्हर टाकावा. वाय-फाय बंद करावे. लॅपटॉप वीज वाचवण्याच्या मोडमध्ये नाही ना, ते पाहावे.

हे सगळं झाल्यावरही गायिका आपल्या पुढे गेल्यासारखी वाटेल. कारण शेजारी मास्तर आहेत. मास्तरांची लेटन्सी ऋण आहे. ते पट्ट्यांकडे बघत नाहीत, तिच्या तोंडाकडे बघतात. तिने श्वास घेतला की यांचा सूर निघतो, आणि मग ती त्यावर पाय ठेवल्यागत उतरते. ही सोय कोणत्या ड्रायव्हरमध्ये आहे, ते मला सापडलेलं नाही.

कलम ५. सूर अडकून राहिल्यास.

पट्टी दाबल्याचा निरोप पोचला, सोडल्याचा वाटेत हरवला. त्यामुळे सूर थांबत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ‘पॅनिक’ नावाचे बटण असते ते दाबावे. ते १२३ क्रमांकाचा संदेश पाठवून सगळे सूर सोडवते. न सुटल्यास पेडल पाहावे. कीबोर्ड सुरू करताना पेडलवर पाय असेल, तर पुष्कळ कीबोर्ड त्याचा अर्थ उलटा लावतात: पाय काढला की सूर धरून ठेवतात, ठेवला की सोडतात. बंद करून, पाय बाजूला घेऊन, पुन्हा सुरू करावा.

पॅनिक बटण कुठे आहे ते पॅनिक होण्यापूर्वी शोधून ठेवावे. ऐन प्रयोगात, आई मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून शेवटचं काही सांगत असताना, माझा एक सूर असा अडकला आणि सुटेचना. मी केबल उपसतोय, लॅपटॉपची झाकणं उघडतोय, तोवर मास्तरांनी त्या सुरालाच षड्ज मानलं आणि वर हळूच आलाप सुरू केला. आईने दोन वाक्यं जास्त घेतली. पडदा पडल्यावर बायका डोळे पुसत होत्या आणि कंपनीच्या मालकांनी मला सांगितलं, “हा तंबोरा आता दररोज ठेव.” मास्तर काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

कलम ६. घुंऽऽ असा आवाज.

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. मंडपातला बल्ब पाहून यावर विश्वास बसणार नाही, तरी ठेवावा. घुंकार ५० हर्ट्झचा असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. घुंकार थांबला, तर चोर सापडला. लॅपटॉप एका बोर्डावर आणि मिक्सर जनरेटरच्या दुसऱ्या बोर्डावर असेल, तर दोन्ही एका बोर्डावर आणावेत. तरी न थांबल्यास मध्ये डीआय बॉक्स घालावा. हा खर्च मंडळाकडून मागावा, मिळणार नाही, मग स्वतः करावा. प्लगची अर्थिंगची जाड पिन तोडून आवाज बंद करणारे महाभाग आहेत. तसं करू नका. गंमत नाही. दवाने ओल्या झालेल्या जमिनीवर, धातूचा माईक हातात घेतलेला नट उभा असतो.

कलम ७. प्रत्येक सूर दोनदा वाजल्यास कीबोर्डचा ‘लोकल’ बंद करावा. बस.

कलम ८. गाण्याची पट्टी.

मास्तरांकडे पट्टी सांगायची पद्धत अशी: “कारी चार.” झालं. माझ्याकडे पांढरी एकवरून काळी चारला जायचे तर ट्रान्सपोज अधिक आठ. हे एकाच ठिकाणी करावे. कीबोर्डवरही आठ आणि सॉफ्टवेअरमध्येही आठ केल्यास एकूण सोळा होतात आणि नागपूरहून आलेला नायक प्रेमगीत गाताना टाचा उचलतो. दुसरा मार्ग म्हणजे काळी चारमध्ये थेट वाजवायला शिकणे. त्याला वेळ लागतो.

कलम ९. संगणक पुढे गेला, नाटक मागे राहिले.

यावर तांत्रिक उपाय आहे असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे. घरी बसून तालासकट अख्खं गाणं सिक्वेन्सरमध्ये भरता येतं. ते सुरेख वाजतं. मग प्रयोगात विनोदी नट रात्री दोनला प्रवेश करतो, पहिल्याच वाक्याला हशा मिळतो, तो हशा संपू देत नाही, सरपंचांच्या नावाने एक कोटी करतो, आणि गाणं सुरू व्हायची वेळ कुठल्या कुठे जाते. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती संगणकाशी ताल जुळवल्याबद्दल नव्हे. त्यातून गाणं संपत आलं की मागून आरोळी येते, “वन्स मोअर!” नटी अंतऱ्यापासून परत फिरते, प्रॉम्प्टर पानं उलटतो, तबलजी समेवर हसतो. संगणक प्रामाणिकपणे पुढच्या प्रवेशाचं पार्श्वसंगीत वाजवू लागतो.

त्यातल्या त्यात करता येते ते असे: अख्खे गाणे भरू नये. मुखडा, अंतरा आणि मधले तुकडे वेगवेगळे ठेवावेत आणि प्रत्येक तुकडा हाताने किंवा पायाने सोडावा. लय आकड्यात न लिहिता बोटाने ठोकून द्यावी. ऑक्टोपॅडवाल्याला विश्वासात घ्यावे. १९८५ सालच्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता, तो नुसती मिडीच पाठवत असे, त्यामुळे त्याच्या घराण्याला आपली दुःखं कळतात. एवढं करून डोळे स्क्रीनवरून काढावेत आणि नटीच्या तोंडाकडे ठेवावेत. डावीकडे कोणी बघत असेल, तो कुठे बघतोय ते बघावं. चालतं.

कलम १०. दव. पहाटे तीननंतर लॅपटॉपवर टॉवेल टाकावा. वादकावरही टाकावा.

तक्रार निवारण. केंद्र रात्री दहा ते उजाडेपर्यंत रंगमंचासमोर, डावीकडून दुसऱ्या खुर्चीत उघडे असते. पावसाळ्यात संपर्क टाळावा, कारण तेव्हा मास्तर रोवणीत असतात. तरी एका जुलैत मी फोन केला होता. नव्या इंटरफेसचा ड्रायव्हर बसत नव्हता आणि कोणाला तरी सांगायचं होतं. मी अडचण सांगायला तोंड उघडलं, पलीकडे चिखलातून पाय काढल्याचा आवाज आला आणि मास्तर म्हणाले, “उलटी करून लाव गा,” आणि मग, फोन ठेवायच्या आधी, “नवी नाटकं आली वडशात. कारी चारचा रियाज करून ठेव.”